तळोद्याच्या पुढचा खड्डा

तळोदं मागे पडलं आणि रस्ता सरळ लागला. हिलालने गाडीला मोकळं सोडलं. सकाळी खापरहून निघाल्यापासून तो जीव मुठीत धरून गाडी चालवत होता. आधी नाले, मग दगड, मग अक्कलकुव्याच्या बाजाराला निघालेली गुरं. आता पुढे नुसती सपाट माती होती आणि दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस.

गाडी दोनच माणसांची होती. बसकी, उघडी, तारांच्या चाकांची, कापडी छपराची. धुळ्याहून बदलून गेलेल्या एका साहेबाकडून हिलालने ती घेतली होती. त्यांच्या गावी, शहाद्यात, मोटारी तशा दोन-चार होत्या, पण त्या माणसं आणि सामान वाहायच्या. ही फक्त पळायची. हिलालची आई, नर्मदाबाई, हिला 'घोडी' म्हणायची आणि हिच्यात कधी बसायची नाही. हिलाल शिकायला मुंबईला होता तेव्हा त्याला हे वेड लागलं. जिनिंगचा कारखाना बापामागे त्याने नीट सांभाळला, म्हणून घरात कोणी फार बोलत नसे.

त्याच्या शेजारी त्याची बायको मंगलाबाई बसली होती. खापर तिचं माहेर. भावाच्या मुलीचं बारसं आटोपून दोघं परत निघाले होते. मांडीवर भाकरीचं फडकं होतं, डोक्यावरचा पदर तिने दातांत धरला होता, कारण वारा तो राहू देत नव्हता. तिला वेगाची भीती वाटत नसे. वाटायची ती धुळीची.

खड्डा दिसलाच नाही. कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरडून त्याचं पीठ केलं होतं आणि त्या पिठाने खड्डा काठोकाठ भरला होता. वरून पाहणाऱ्याला रस्ता सपाट. डावं पुढचं चाक आत गेलं, खाली काहीतरी लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं वाजलं, आणि स्टिअरिंगचं चक्र हिलालच्या हातांतून सुटून गर्रकन फिरलं. गाडी आडवी झाली, बांधाला घासत गेली आणि कापसाच्या पहिल्या ओळीत जाऊन थांबली.

धूळ हळूहळू खाली बसली.

"लागनं का तुले?" हिलालने विचारलं.

"नही. काय व्हयनं?"

"खड्डा व्हता. तू बठी ऱ्हा."

तो उडी मारून उतरला. मंगलाबाईच्या मनात आलं, आता हे आधी माझ्याकडे येतील. तो आधी चाकाकडे गेला. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. लग्नाला आता बरीच वर्षं झाली होती, आणि विचारलं तर होतंच.

हिलालने गाडीला एक फेरी मारली. मग दुसरी. मग गुडघ्यांवर बसला. डाव्या पुढच्या चाकाची कड एके ठिकाणी आत दबली होती, पितळी लोट्याला पोचा पडावा तशी. त्याने डाव्या हातातल्या पान्याने चाकाच्या तारा एकेक वाजवून पाहिल्या. चांगली तार टण् बोलायची. दोन तारा बोलल्याच नाहीत, मधूनच तुटल्या होत्या. टायर फाटला नव्हता, पण कडेतून वारा सुटत होता, बारीक आवाज करत. मग तो पाठीवर झोपून खाली सरकला आणि त्याचे फक्त पाय दिसायला लागले.

"दख, ऑइल गळी ऱ्हायनं का?" तो खालून ओरडला.

मंगलाबाई उतरली, वाकून पाहिलं. "नही. कोरडं शे."

"पेट्रोल?"

ती मागे गेली. टाकीच्या खालची माती हाताने चाचपली, वास घेतला. "तेबी नही."

"बरं व्हयनं." खालून पान्याचे दोन ठोके ऐकू आले. मग म्हणाला, "पाटा तडकेल शे. वरना. खालना तीन धड शेतस."

पाटा म्हणजे चाकावरच्या कमानीचा पाटा. पोलादाच्या पट्ट्या एकीवर एक बसवलेल्या असतात, त्यावर सगळा भार. वरची पट्टी मधोमध चिरली होती. मंगलाबाईने तेही वाकून पाहिलं. जिनिंगच्या आवारात असल्या गोष्टी तिने लग्नापासून पाहिल्या होत्या, म्हणून घाबरली नाही. तिला कळलं ते एवढंच, की हळू गेलं तर जाता येईल.

एवढ्यात मागून एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत डोंगरातले बांबू होते, लांबलचक, मागे जमिनीला टेकत आलेले. गाडीवान भिल्ल होता, पन्नाशीचा, डोक्याला लाल फडकं. त्याने बैलांना रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि खाली उतरून गाडीजवळ आला.

"मोटर मरी गयी का, भाऊ?"

"मरी नही रे. खड्डामा पडनी," हिलाल खालून बाहेर सरकत म्हणाला. "तुन्हं नाव काय?"

"दिवाल्या. त्या खड्डामा मन्ही गाडीबी पडस. पन ती हळू पडस."

हिलाल हसला नाही. त्याने मागे बांधलेलं जादा चाक सोडलं, डाव्या हाताने. जॅक काढला, तोही डाव्या हाताने. मंगलाबाई ते बघत होती. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि ऊन अजून तसं तापलं नव्हतं. त्याने जॅक लावून गाडी उचलली. असल्या गाडीच्या चाकाला मध्ये एकच मोठा नट असतो, दोन कान असलेला, तो हातोडीने ठोकून सोडवायचा. हिलालने उजव्या हातात हातोडी घेतली आणि एक घाव घातला.

हातोडी हातातून पडली. हिलाल खाली बसला. ओरडला नाही, पण तोंडातला श्वास असा काही बाहेर आला की दिवाल्याच्या बैलांनीही मान वळवली.

"हात दखाडा," मंगलाबाई म्हणाली.

"काही नही. मुरगळना व्हयी. गाडी दखू दे आधी."

"गाडी दखाई गयी. हात दखाडा."

त्याने हात पुढे केला नाही, तिनेच धरला. मनगट सुजून पोळीसारखं फुगलं होतं आणि त्यावरच्या घड्याळाचा चामडी पट्टा मांसात रुतला होता. चक्र फिरलं तेव्हा त्याच्या एका आऱ्याने मनगटावर फटका दिला होता. तेवढ्यात सगळं झालं होतं, आणि एवढा वेळ हा माणूस चाकं तपासत फिरत होता. तिने पट्टा सोडवायचा प्रयत्न केला, कडी निघेना. मग दातांनी ओढून काढली. घड्याळ चालू होतं.

"बोटं हालाडा."

बोटं हलली, पण त्याचा चेहरा पांढरा पडला.

दिवाल्या शेजारी बसून बघत होता. काही न विचारता तो आपल्या गाडीकडे गेला, एक बांबू ओढून काढला, कोयत्याने त्याचा वीतभर तुकडा तोडला आणि चार पट्ट्या काढल्या. त्यांच्या कडा कोयत्याने घासून गुळगुळीत केल्या. मंगलाबाईने भाकरीचं फडकं सोडलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी तशाच सीटवर ठेवल्या, आणि दोघांनी मिळून मनगट बांधलं. हिलाल दुसरीकडे तोंड करून कापसाकडे बघत बसला.

मग चाक बदललं. ठोकलं दिवाल्याने, सांगितलं हिलालने. पहिल्यांदा दिवाल्याने उलट्या बाजूने ठोकलं आणि नट होता त्याहून घट्ट बसला, तेव्हा हिलालला एवढ्या दुखण्यातही चिडायला जोर आला. पण चाक बसलं. तडकलेल्या पाट्याला बांबूची जाड पट्टी लावून दिवाल्याने वरून काथ्याचा दोर आवळला, पाय रोवून, दोन्ही हातांनी. त्याला पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं.

"हळू गयात ते घर लगून जाई," तो म्हणाला. घरापर्यंत टिकेल.

आता चालवणार कोण, हा प्रश्न कोणी काढला नाही. हिलाल सरळ जाऊन चालवायच्या जागी बसला. धक्क्याने सेल्फ बंद पडला होता, म्हणून हँडल मारणं आलं. हिलालने दिवाल्याला अंगठा कुठे ठेवायचा ते सांगितलं, नाहीतर हँडल उलटं येऊन हाड मोडतं. "एक मोडनं ते बस व्हयनं," तो म्हणाला. दिवाल्याने जोर लावला, दोनदा नुसतं फुसफुसलं, तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. त्या आवाजाने बैल उधळले आणि बांबूंसकट मागे वळून तळोद्याकडे पळत सुटले. दिवाल्या हँडल टाकून "हो, हो" करत त्यांच्यामागे धावला. मंगलाबाईला त्याला दोन भाकरी तरी द्यायच्या होत्या. तो लांब गेला तेव्हा बैल थांबलेले दिसले, आणि त्याने हात वर केला एवढंच.

हिलालने डाव्या हाताने गिअर टाकला, मग डाव्याच हाताने चक्र धरलं. गाडी हलली, रस्त्यावर आली. पन्नासेक पावलं नीट गेली. मग पुढचं चाक चाकोरीत पडलं, चक्र फिरलं, एका हाताला ते आवरेना, आणि गाडी पुन्हा बांधाकडे वळली. त्याने ब्रेक दाबला. इंजिन चालू राहिलं ते नशीब. झटक्यात त्याचा उजवा हात आपोआप चक्राकडे गेला होता. आता तो हात छातीशी धरून हिलाल बसला होता.

"सरका," मंगलाबाई म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मी चालाडस."

गेल्या दिवाळीत त्यानेच तिला शिकवलं होतं. दुपारी मजूर जेवायला गेले की जिनिंगच्या मागच्या वाड्यात, सरकीच्या ढिगाला वळसा घालून. तेव्हा त्याला ती मोठी गंमत वाटली होती. तिलाही. घरात मात्र दोघांनी याचा उच्चार केला नव्हता.

"वाडामा चालाडनं येगळं," हिलाल म्हणाला. "आठे रस्ता शे. पुढे नाला उतरना शे."

"मंग तुम्हीच चालाडा."

त्याने मान वळवून माणसं वाहणारी मोटार येते का पाहिलं. "सर्व्हिस मोटर येई दुपारले," तो म्हणाला.

"आन हात? तो तवलोंग काय करी?"

हात त्या वेळेपर्यंत काय करील हे हिलालला आतून चांगलंच कळत होतं. तो उतरला आणि वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. मंगलाबाईने चपला काढल्या. जोडवी पेडलला घासतील म्हणून तीही काढून पदराच्या टोकाला बांधली. कासोटा नीट खोचला. मग दोन्ही हातांनी थरथरणारं चक्र घट्ट धरलं.

ती हळू निघाली. माणूस चालेल त्याहून थोडी जास्त. हिलाल पहिल्यांदा प्रत्येक गोष्ट सांगत होता, क्लच, डावीकडे, अजून डावीकडे, तो दगड. मग त्याने सांगणं कमी केलं. नाला आला तेव्हा त्याने डोळे मिटले, दुखण्याने की भीतीने ते तिने विचारलं नाही. उतार उतरताना गाडी घसरत चालली असं वाटत होतं, ब्रेक फार दाबला तर चाकं अडकायची. तळाशी घोट्याएवढं पाणी होतं. चढावर इंजिन दबायला लागलं, तिने पहिला गिअर टाकला, तो कर्रर करून ओरडला आणि बसला. वर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दात इतके आवळलेत की जबडा दुखतोय.

शहादा जवळ आलं तशी माणसं दिसायला लागली. त्या दिवशी बाजार होता. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या होत्या, गाडीचा आवाज ऐकून बाजूला व्हायच्या, वळून बघायच्या आणि मग उभ्याच राहायच्या.

"गावना भाईरथून जाऊत," हिलाल म्हणाला. "जिनना रस्ताथून. कोनी दखनार नही."

मंगलाबाईने विचार केला. बाहेरून जिनिंगला जाणारी वाट कापसाच्या गाड्यांनी पार उखडलेली होती. तिथे चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या. दोर तुटला असता. आणि सरकारी दवाखाना बाजाराच्या पलीकडे होता, तिथे जायला बाहेरून मोठा वळसा.

"दोर तुटी जाई," ती म्हणाली.

"लोके काय म्हनतीन?"

"म्हनतीन जे म्हननं शे ते. तुमना हात दखा कसा व्हयना."

बाजारात शिरताना तिने पदर पुढे ओढला. त्याने तिला समोरचं दिसेनासं झालं, आणि समोर मिरच्यांचे ढीग घेऊन बसलेल्या बायका होत्या. तिने पदर मागे टाकला. त्यानंतर तो मागेच राहिला. एक बकरी आडवी आली तेव्हा तिने भोंगा वाजवला, आणि तोवर ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनीही पाहिलं. कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर दोधूआप्पा बसले होते, हिलालच्या बापाचे जुने सोबती. त्यांच्या हातातली पानाची चंची तशीच राहिली. शेजारी दगूबाई कासारीण बांगड्यांचं गठुळं घेऊन उभी होती, ती हसत होती की काय ते मंगलाबाईला कळलं नाही. तिने दवाखान्याचा पिंपळ बघितला आणि तिथवर गाडी नेली.

डॉक्टरांनी हाड बसवलं तेव्हा मात्र हिलाल ओरडला. प्लास्टर घातलं. बराच काळ हात हलवायचा नाही असं सांगितलं.

नर्मदाबाई दवाखान्यातच आली. कोणीतरी बाजारातून धावत जाऊन सांगितलं होतं. ती बारीक, ताठ बाई होती, नवऱ्यामागे घराचा कारभार तिच्याच हातात होता. आधी तिने मुलाचा हात पाहिला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

"कोन चालाडी उनं?"

"मी, आत्याबाई."

नर्मदाबाईने सुनेकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. अनवाणी पायांकडे, धुळीने भरलेल्या लुगड्याकडे, मागे गेलेल्या पदराकडे.

"चालाडी ते चालाडी," ती शेवटी म्हणाली. "पन भरा बजारमा भोंगा कसाले वाजाडा? आख्खा गावले सांगानं व्हतं का?"

"बकरी आडवी उनी व्हती."

"कोनी बकरी?"

बकरी कोणाची ते मंगलाबाईला माहीत नव्हतं. नर्मदाबाईने मान हलवली, जणू बकरीचाच सगळा दोष असावा, आणि टांग्याला हाक मारली. त्या विषयावर तिने एवढंच काय ते बोलून घेतलं. त्या रात्री तिने सुनेच्या पायांना स्वतः गरम तेल लावून दिलं, पेडल दाबून पोटऱ्या आखडल्या होत्या म्हणून, पण तेल लावतानाही ती कापसाच्या मजुरांबद्दलच बोलत होती.

मंगलाबाईला सासूचं भय होतं, ते असं निघून गेलं. जे आलं ते दुसरीकडून आलं. हिलाल गप्प झाला.

पहिल्यांदा तिला वाटलं हात दुखत असेल. मग दोधूआप्पांकडून आलेली एक गोष्ट तिच्या कानावर पडली. हिलाल जिनिंगच्या ओट्यावर बसला असताना आप्पांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय रे हिलाल, नवा ड्रायव्हर कथाईन आना?" सगळे हसले होते. हिलालही हसला होता. घरी येऊन मात्र त्याने गाडीची किल्ली कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

मंगलाबाईला राग आला. इतका की तिने जेवण वाढताना त्याच्याकडे पाहिलं नाही. ज्याने शिकवलं त्यानेच आता तोंड फिरवावं! रस्त्यात बसून राहिलो असतो तर बरं झालं असतं का? हे तिने बोलून दाखवलं नाही. पण एके सकाळी तो डाव्या हाताने दाढी करत होता, आरशापुढे बसून, गालाला दोन ठिकाणी कापलेलं. तिने वस्तरा त्याच्या हातातून काढून घेतला आणि उरलेली दाढी केली. त्याने गाल पुढे केला. साबण पुसून झाल्यावर म्हणाला,

"निजामनी पाटा बनाडेल शे. भोपाळथून पोलाद उनं."

निजाम हा गावातला लोहार. बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा बसवण्यापासून जिनिंगच्या यंत्रांपर्यंत सगळं तोच करी.

"मंग?"

"गाडी त्यानाकडे लई जानी पडी." तो थांबला. "बैलं जुपी लई जाऊ का?"

तिने ओल्या फडक्याने वस्तरा पुसला. "तुमनी मर्जी."

तो उठला, कपाट उघडलं, आणि किल्ली तिच्यापुढे पाटावर ठेवली. हातात दिली नाही. "गिअर टाकाना येळे क्लच पुरा दाब," म्हणाला. "त्या दिवशी नालामा गिअर खाई गया ना, मन्हा जीव खाई गया."

ते खरं होतं, म्हणून ती हसली.

निजामकडे जायला पुन्हा बाजारातून जावं लागे. बाजाराचा दिवस नव्हता. काही माणसांनी पाहिलं, एका पोराने मागून धाव घेतली, आणि दोधूआप्पा ओट्यावर होते त्यांनी तोंड उघडलं. हिलाल शेजारच्या जागेवरून त्यांच्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "आप्पा, बठतस का? जागा नही, पन मी उतरस!" आप्पांनी हात झटकला आणि पान लावायला घेतलं.

निजामने जुना पाटा सोडवायला गाडी उचलली. दिवाल्याने बांधलेला दोर अजून घट्ट होता, तो कापावा लागला. निजाम खाली सरकला, त्याचा आवाज आला, "ब्रेक दाबून धरा कोणीतरी, गाडी हलतेय."

हिलाल त्याच्याशेजारी उकिडवा बसला होता, डाव्या हाताने काहीतरी दाखवत, खाली वाकून. त्याने वर पाहिलंही नाही.

"दाबेल शे," मंगलाबाई म्हणाली. ती गाडीतून उतरलीच नव्हती.